नव्वद दिवसांची सही

पावणेसात वाजलेत आणि डांबर आत्ताच कोमट लागतंय. मे महिना. मोनोरेलच्या खांबांची सावली रस्त्याच्या पलीकडे पडली आहे. अलीकडे, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, ऊन थेट येतंय. तिथंच माणसं बसलीत. काही उकिडवी, काही कठड्याला टेकून, काही नुसतीच उभी. प्रत्येकाच्या पायाशी एक पिशवी. पिशवीतून काय डोकावतंय त्यावरून माणसाचं काम कळतं. थापी आणि ओळंबा असेल तर मिस्त्री. ब्रश आणि पुट्टीची पट्टी असेल तर रंगारी. छिन्नी-हातोडा असेल तर तोडकामवाला. नुसता डबा आणि पाण्याची बाटली असेल तर बिगारी. बिगारीच जास्त.

हा चेंबूरमधला एक मजूर नाका. पाटी नाही, छप्पर नाही, नळ नाही. मुतारी गाठायची तर स्टेशनपर्यंत चालत जावं लागतं, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन गेलं तर दिवस गेला. म्हणून कुणी हलत नाही. बायका तर सकाळी पाणीच कमी पितात.

एक स्कूटर थांबते. हेल्मेट न काढताच माणूस विचारतो, "दोन बिगारी. तोडकामाचं रॅबिट उतरवायचंय. चौथा माळा, लिफ्ट नाही."

आठ-दहा जण उठतात. स्कूटरभोवती कडं होतं.

"आठशे."

"सहाशे देईन."

"चौथा माळा म्हणताय ना शेठ? सव्वासातशे तरी द्या."

"साडेसहाशे. यायचं तर या."

मागून एक पोरगा "चलो" म्हणतो आणि भाव तिथंच तुटतो. त्याच्याबरोबर आणखी एक निघतो. दोघे मागे बसतात, तिघांची स्कूटर निघून जाते. उरलेले पायरीवर परत येतात. त्या पोराला कुणी शिवी देत नाही. गोंड्याहून आलाय, नवा आहे. "काल खाडा झाला त्याचा, परवा पण," शेजारचा सांगतो. एवढ्यावर विषय संपतो.

विजेच्या डीपीच्या आडोशाला तीन बायका वेगळ्या उभ्या आहेत. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्यावर गुंडाळलेला टॉवेल. परतूरकडच्या. त्यांच्यापाशी गिऱ्हाईक थांबतं तेव्हा भाव मुळातच खालून सुरू होतो.

"बाईमाणसाला पाश्शे," त्यांतली थोरली मला सांगते. "घमेलं तेच, जिना तोच. गड्याला सातशे, आपल्याला पाश्शे. इचारलं तर म्हणत्यात, तुमी हळू चालता."

सारख्या कामाला सारखं वेतन, हा कायदा १९७६ मध्ये झाला. ती तेव्हा जन्मलेलीही नसावी. तिची सासू मात्र त्याआधीच, बहात्तरच्या दुष्काळात, मुंबईला येऊन गेली होती. नंतर गावी परतली. मग सून आली. मधल्या काळात जमीन तेवढीच राहिली आणि वाटेकरी वाढले. "सोयाबीन हाय म्हणायला," ती म्हणते. "खत-बियाणं जाऊन काय ऱ्हातंय? दिवाळी झाली की निघायचं, पेरणीला जायचं."

साडेसातच्या सुमाराला चहावाल्या पोराची किटली फिरते. कटिंग हातात घेऊन एक मिस्त्री माझ्या शेजारी बसतो. मुखेड तालुक्यातला. पन्नाशी ओलांडलेला. चहा संपल्यावर तो पिशवीतून थापी बाजूला करतो आणि तळातून प्लॅस्टिकची फाईल काढतो. आत एक अर्ज. नाव, गाव, वय, आधार क्रमांक, सगळं भरलेलं. एकच चौकट रिकामी. मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर किमान नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. त्याच्याखाली मालकाची किंवा ठेकेदाराची सही.

"ही कोण करंल?" तो विचारतो आणि बोटांवर मोजायला लागतो. सोमवारी घाटल्यात एका बाईंच्या न्हाणीघराची लादी. मंगळवारी पेस्तम सागरला गच्चीचं वॉटरप्रूफिंग. बुधवारी खाडा. गुरुवारी टिळकनगरला भिंत पाडली, शुक्रवारी तीच भिंत हातभर सरकवून बांधली. शनिवारी त्याच घरी प्लास्टर. "एका बाईला म्हणलं, सही देता का. त्या म्हणल्या, सहीबिही नको बाबा, उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात यायचं. पैसे मोजून घे."

घाबरणाऱ्या बाईंचा मला राग येत नाही. पण या सहीमागे काय अडलंय ते सांगायला हवं. देशात जे कुठलं मोठं बांधकाम होतं, त्याच्या खर्चाच्या १ टक्का रक्कम उपकर म्हणून बाजूला काढायची, असा कायदा १९९६ मध्ये झाला. महाराष्ट्रात त्यासाठीचं कल्याण मंडळ २००७ पासून आहे. त्या पैशातून मजुराच्या मुलांना शिक्षणाची मदत मिळते, बाळंतपणाला मिळते, कामावर मेला तर बायकोला मिळते. देशभर या उपकराचे हजारो कोटी रुपये न वापरता पडून राहिलेत, यावरून न्यायालयानं सरकारांना खडसावलंय. पैसा जमतो इमारतीच्या नावानं आणि खर्च व्हायचा माणसाच्या नावानं. मधली वाट त्या रिकाम्या चौकटीतून जाते. रोज वेगळ्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाकडे मालकाची नव्वद दिवसांची सही मागायची, ही अट ज्यानं घातली त्यानं नाका पाहिलेला नसावा. मला विचाराल तर सकाळी सात वाजता नोंदवहीच इथं यायला हवी. वीस वर्षं याच पायरीवर बसणारा माणूस बांधकाम मजूर आहे की नाही, हे किटलीवाला पोरगाही सांगेल.

मिस्त्री फाईल परत तळाशी घालतो. थापी वर ठेवतो. गिऱ्हाइकाला आधी थापी दिसायला हवी.

पलीकडे एकजण एकटाच बसलाय. लादीकाम करतो. मालदा जिल्ह्यातला. हिंदी बोलताना 'स'चा 'श' होतो, म्हणून तो कमी बोलतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यानं बस्ती जिल्ह्यातल्या जोडीदारावर सोपवलंय. शर्टाच्या आत, बनियनला लागून, त्याच्याकडेही एक पाकीट आहे. ते तो लगेच दाखवत नाही. जोडीदार "दिखा दे, दीदी है" म्हणतो तेव्हा काढतो. आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या मतदार ओळखपत्राची छायाप्रत, आजोबांच्या जमिनीच्या कागदाची छायाप्रत. घामानं पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्यात. कामावर जाताना घेतो, झोपताना उशाखाली ठेवतो, संडासला जातानाही सोबत असतं.

त्याची भीती हवेतली नाही. २०२५ च्या जून महिन्यात बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रातून बांगलादेशी समजून उचललं गेलं, सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि मग ते भारताचेच नागरिक आहेत हे कळल्यावर परत आणावं लागलं. गवंडीकाम करणारी माणसं होती ती. भारताच्या कुठल्याही भागात जाण्याचा, राहण्याचा आणि वसण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलेला आहे. तो नागरिकाला आहे. एकविसाव्या कलमातलं जीविताचं संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. तिथं नागरिक असण्याची अट नाही. म्हणजे उद्या खरोखरच सीमेपलीकडून कुणी आलेला सापडला, तरी त्याला रात्रीतून काटेरी कुंपणापाशी नेऊन सोडता येत नाही. कायद्यानं ठरवलेली रीत पाळावी लागते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. म्हणून तर ते एकविसावं कलम एवढं महत्त्वाचं.

मालद्याचा माणूस पाकीट आत सरकवतो, वरचं बटण लावतो.

नऊ वाजतात. आता येणारी गिऱ्हाइकं विरळ होतात. निम्मे अजून पायरीवर आहेत. नऊनंतर जो थांबतो तो अर्ध्या हजेरीला तयार असतो, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं. साडेनऊला बायका टॉवेल सोडतात. त्यांचा आज खाडा. थोरली म्हणते, "तवर रेशन तरी बघून येते." मी तिच्याबरोबर निघते.

आर. सी. मार्गावर बसचा, रिक्षांचा आणि टँकरांचा एकच गदारोळ आहे. टँकर माहुलच्या तेल कारखान्यांकडे चाललेत. वारा तिकडून आला की नाकाला वास जाणवतो. आम्ही कॅम्पात शिरतो.

चेंबूर कॅम्प. कागदोपत्री चेंबूर कॉलनी, पण तोंडी कॅम्पच. गल्लीत वळताच तळणीचा वास येतो. लोखंडी कढईत पकवान फुगतंय, बाजूला डाळीचं पातेलं आहे. पूर्वी इथं लष्कराच्या लांबच लांब बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून दहा लाखांहून जास्त हिंदू भारतात आले. त्यांतले कितीतरी कराचीहून आगबोटीनं मुंबईच्या बंदरात उतरले. कुणी कल्याणच्या छावण्यांत गेले, कुणी मुलुंडला, कुणी इथं. बराकीत भिंती नव्हत्या. गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाला खण करून दिले गेले. आता बहुतेक बराकी पाडून वर मजले चढलेत. एखादी उरली आहे ती ओळखू येते. बुटकी, लांबट, तिच्यावर प्रत्येकानं आपापल्या ऐपतीनं माळा चढवलेला, म्हणून छपराची रेघ खालीवर.

एका दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक आजोबा बसलेत. पांढरा लेंगा, हातात वर्तमानपत्राची घडी. तिनं वारा घेताहेत. आले तेव्हा पाच वर्षांचे होते. बोलायला त्यांना आवडतं. हिंदीत सुरू करतात, मध्येच मराठीत येतात.

"बंदरावर टेबल होतं. नाव लिहिलं, किती माणसं विचारलं. ट्रकमध्ये बसवलं. इथं आल्यावर पण टेबल. आटा दिला, डाळ दिली, कांबळं दिलं. नळावर रांग एवढी मोठी. माझी आई रात्री दोनला उठून बादली लावायची. शाळा बराकीतच होती, गोणपाटाच्या पलीकडे दुसरी, अलीकडे तिसरी." ते हसतात. मग थांबून म्हणतात, "लोक वाईट पण बोलायचे. निर्वासित आले, घाण करतात, म्हणायचे. पण रेशन कुणी थांबवलं नाही."

मुंबई सरकारनं १९४८ मध्येच निर्वासितांच्या नोंदणीसाठी कायदा केला. गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्राचा कायदा १९५४ मध्ये आला. दाव्यांची भांडणं पुढं कितीतरी वर्षं चालली, कैकांना हक्काचं घर मिळायला अर्धं आयुष्य गेलं. ते दिवस गोड होते असं आजोबाही म्हणत नाहीत. पण मला त्या टेबलाचं मोल वाटतं. देश जेमतेम वर्षाचा होता, तिजोरीत खडखडाट होता, आणि तरी बंदरावर कुणीतरी वही उघडून बसलं होतं. माणूस येऊन पोचला की त्याचं नाव लिहायचं, हे या शहराला एकदा जमलेलं आहे. याच वस्तीत.

परतूरची बाई आजोबांचं बोलणं ऐकतेय. तिला वाट वाकडी झाल्याचं काही वाटत नाही. उठताना विचारते, "तुमाला आंगठा नव्हता का द्यावा लागत?"

रेशनचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. रांग उन्हात, दुकानदार पंख्याखाली. तिचं कार्ड परतूर तालुक्यातलं. ते इथं चालतं; देशात कुठंही चालावं अशी सोय झाली आहे, आणि जी राज्यं रेंगाळली होती त्यांना न्यायालयानं ३१ जुलै २०२१ ची मुदत घातली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य हा हक्क आहे. रांगेतल्या अर्ध्या लोकांना यातलं सगळं माहीत आहे. रांगेत उभं राहून माहीत झालेलं आहे.

तिचा नंबर येतो. यंत्र छोटं आहे, त्याच्या काचेवर बोट टेकवायचं. ती अंगठा टेकवते. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकवते. लाल. दुकानदार म्हणतो, "दुसरं बोट लावा." तर्जनी, मधलं बोट, डावा अंगठा. मी तिचा हात बघते. अंगठ्याचं पेर गुळगुळीत आहे. रेषा नाहीतच. सिमेंटनं आधी कातडी कोरडी पडते, मग चिरते, मग विटांनी आणि घमेल्याच्या काठानं घासून सपाट होते. नखाभोवती पांढरी भेग आहे, तिच्यात राखाडी रेघ बसली आहे, ती धुऊन जात नाही. मागची बाई सुचवते, "खोबरेल लाव आदल्या राती." दुकानदार चांगला आहे, तो कापड ओलं करून देतो, थांबतो. रांग मागे कुरकुरत नाही. सातव्या की आठव्या वेळी यंत्र हिरवं होतं.

पण पाच जणांच्या कार्डावरचं धान्य गावाकडे सासूनं आधीच उचललं आहे. यंत्रावर तसं दिसतं. "म्हंजी म्हातारी जेवली," ती म्हणते आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत घालते. एका कार्डावर दोन ठिकाणी चूल पेटते, तेव्हा वाटा किती कुठं उचलायचा हे सोयीनुसार ठरवता येतं. पण त्यासाठी महिन्याच्या आरंभी गावाला फोन व्हायला हवा आणि म्हातारीनं थोडं मागं ठेवायला हवं. म्हातारी रॉकेलसुद्धा जपून ठेवणाऱ्या पिढीतली आहे; दिसलं ते धान्य उचलते.

बारा वाजून गेलेत. कॅम्पाच्या मागच्या अंगाला निळे पत्रे ठोकलेत. पत्र्यांवर तलावाचं, हंसांचं आणि हिरवळीचं चित्र. आत एका जुन्या बराकीच्या जागेवर टॉवर चढतोय. ज्यांचे आजी-आजोबा निर्वासित म्हणून इथं उतरले, त्यांच्या नातवंडांना वर फ्लॅट मिळेल. मिळायलाच हवा, त्यासाठी तीन पिढ्या थांबल्यात. तो बांधायला सिद्धार्थनगर, पलामू आणि कलबुर्गीची माणसं आली आहेत.

जेवणाची सुट्टी होते आणि खडखडाट एकदम थांबतो. गेटचा वॉचमन आत सोडतो, तोही बाहेरगावचा. मजुरांच्या खोल्या पत्र्याच्याच, दोन मजली. दुपारी आत बसवत नाही. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. एका खोलीत सात-आठ जण झोपतात, खिळ्यांना पिशव्या, दोरीवर ओले बनियन. म्हणून सगळे स्लॅबखाली, जिथं सावली आहे तिथं, ताटं घेऊन बसलेत. भात, पातळ डाळ, कच्चा कांदा. पाण्याचा निळा पिंप. त्याच्या तोटीपाशी रांग.

वाळूच्या ढिगाच्या सावलीत दीड-दोन वर्षांचं एक पोर बसलंय. चमच्यानं वाळू भांड्यात भरतं, ओततं, पुन्हा भरतं. त्याची आई कलबुर्गीकडची, विटा वाहते; इथून दिसेल अशा जागी तिनं त्याला ठेवलंय. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं बांधकाम मजुरांविषयीचा १९९६ चा कायदा सांगत होता. इथं बायका जेमतेम डझनभर. बांधकामावरच्या कुठल्याही एका जागेवर पन्नास बायका सहसा नसतातच. तेव्हा पोर वाळूत.

एका तरुणाच्या मोबाईलवर ई-श्रमचं कार्ड आहे. बारा आकडी क्रमांक, फोटो, सगळं. गावच्या सेंटरवर काढलेलं. ही नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली आणि ३० कोटींहून जास्त लोकांनी केली. "इससे क्या होता है?" तो मलाच विचारतो. अपघात विमा, असं मी सांगायला लागते, आणि त्याचे डोळे दुसरीकडे वळलेले दिसतात. त्याला हवंय ते वेगळं. दोन महिन्यांचा हिशेब अडकलाय. ठेकेदार जेवणाचे कापतो, खोलीच्या विजेचे कापतो, येताना दिलेली उचल कापतो, आणि उरलेले "काम संपल्यावर" म्हणतो. किती कापले याचा कागद नाही. मनगटावर पेनानं हजेऱ्यांचे दांडे काढायचा, ते घामात गेले. आता मोबाईलमध्ये लिहितो.

किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं म्हणजे वेठबिगार, आणि ती राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाविरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालय १९८२ मध्ये म्हणालं. दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदानं आणि पूल बांधणाऱ्या मजुरांचं ते प्रकरण होतं. तो निकाल आजही लागू आहे. तरुणाच्या मोबाईलमधला हजेऱ्यांचा तक्ता मी बघते तेव्हा वाटतं, पुरावा तर हाच आहे. तो घेऊन दारात उभं राहायला जागा हवी, आणि जाण्याच्या दिवशी हजेरी बुडता कामा नये.

शिट्टी होते. ताटं विसळली जातात. लिफ्ट माणसं घेऊन वर जायला लागते.

चार वाजता मी टिळकनगरच्या बाजूनं रेल्वे टर्मिनसकडे निघते. शेअर रिक्षात माझ्या दोन्ही बाजूंना बॅगा आणि मांडीवर कुणाचा तरी टेबलफॅन. टर्मिनस कागदोपत्री कुर्ल्याचं, पण इथून दहा मिनिटांवर. बाहेर उन्हात पाणीवाले ओरडताहेत. आत शिरायच्या आधीच रांग लागते.

ही रांग जनरल डब्याची. उत्तरेकडे जाणारी गाडी सुटायला अजून तासन्‌तास आहेत. रांग छपराखालून निघून, खांबाला वळसा घालून, उन्हात जाते आणि पुन्हा भिंतीच्या सावलीकडे वळते. प्रत्येकाच्या जागी सामान बसलंय, माणूस बाजूला सावलीत. रंगाच्या रिकाम्या डब्याला कडी लावून केलेली बादली. तिच्यात चादर, चार्जर, मुलांचे बूट. नवा कोरा कूलर, पुठ्ठ्यासकट. गहू कापणी संपली, आता लग्नं आहेत, मग लावणी. पोलीस काठी आपटत येतो; त्याबरोबर सगळे उठून आपापल्या सामानामागे उभे राहतात, तो गेला की पुन्हा बसतात. कुणी बोलत नाही त्याच्याशी. एक बाई पोराला पदराखाली घेऊन पाजतेय आणि दुसऱ्या हातानं रांगेतली पिशवी पुढं ढकलतेय.

२०११ च्या जनगणनेत आपलं गाव सोडून देशातच दुसरीकडे राहणारे लोक सुमारे ४५ कोटी निघाले. लग्न होऊन नांदायला गेलेल्या बायकाही त्यात आल्या, हे खरं. तरी राज्याची हद्द ओलांडलेले पाच कोटींच्या वर होते. इतक्या माणसांची मुलं कुठल्या शाळेत, मत कुठल्या यादीत, औषध कुठल्या दवाखान्यात, हे सगळं अजून गावाच्या पत्त्यावर लटकलेलं आहे. निवडणुकीला यांतले बहुतेक जण हजेरी बुडवून गावी जातात, नाहीतर मत बुडवून इथं राहतात.

रांगेत चाळिशीचे लोक आहेत त्यांना २०२० चा विषय काढावा लागत नाही, ते आपणहून काढतात. २४ मार्चला रात्री आठला घोषणा आणि बाराला टाळेबंदी. काम बंद, खोलीचं भाडं सुरू. १ मेपासून श्रमिक गाड्या निघाल्या. ४,६२१ गाड्यांनी ६३ लाख लोक गेले, असा हिशेब सरकारनं संसदेत दिला. त्यांतल्या कितीतरी याच फलाटांवरून सुटल्या. "फॉर्म भरा था, थाने में," एक रंगारी सांगतो. "नंबर आया नहीं. फिर पैदल." ठाणे, कसारा, नाशिक, आणि पुढं ट्रकच्या टपावरून. त्याच मे महिन्याच्या ८ तारखेला जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रंगाऱ्याला ते ठाऊक आहे. तो म्हणतो, "हम भी पटरी पकड़ के ही चले थे." त्यानंतर तो बाटलीबंद पाण्याचा नवा दर काय झालाय त्यावर बोलायला लागतो.

माझ्या पुढं चौघांचं टोळकं आहे. एका बांधकामाच्या साइटवर काम करणारे, सेंट्रिंगचे. चौघांनी तिकिटं स्वतःच्या पैशांनी काढलीत. मी विचारते, ठेकेदारानं भाडं दिलं का? चौघं एकदम हसतात.

पण तसं लिहिलेलं आहे. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. प्रवासाचं भाडं ठेकेदारानं द्यायचं, प्रवासातले दिवसही कामाचे धरायचे, आणि घर सोडल्याबद्दल वेगळा भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. त्या कायद्याची जागा घ्यायला २०२० ची कामगार संहिता आली. तिच्यात घर सोडल्याचा भत्ता गळला. पण वर्षातून मूळ गावी जाण्या-येण्याचं भाडं मालकानं द्यायचं हे तिच्यातही आहे. दहा किंवा जास्त परप्रांतीय मजूर जिथं असतील तिथं. परतूरच्या बाईला यातलं काही लागू नाही, कारण परतूर महाराष्ट्रातच आहे. पाचशे रुपयांच्या हजेरीतून एसटीचं तिकीट तिचं तिनंच काढायचं. या चौघांना मात्र लागू आहे. यांच्या साइटवर दीडशे माणसं आहेत.

"किधर लिखा है?" चौघांतला सर्वांत लहान विचारतो. हसायचा थांबलाय.

मी मोबाईलवर संहिता काढते, एकसष्टावं कलम. इंग्रजी आहे. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघतो. रांग पुढं सरकते, त्याचा मित्र चारही बॅगा पायानं ढकलतो.

"हिंदी में है?"

हिंदीतली प्रत शोधायला वेळ लागतो. इथं नेटवर्क धड मिळत नाही. फाईल उतरेपर्यंत पोलीस पुन्हा येऊन जातो, उठबस होते. मग ते कलम सापडतं. तो ओठ हलवत वाचतो, एकदा, मग पुन्हा. भाड्याचा शब्द आला तिथं बोट ठेवतो.

"मेरे को भेजिए," तो म्हणतो. "साइट का ग्रुप है. सबको डालता हूँ."

नंबर सांगतो. मी पाठवते. तो बाकीच्या तिघांना ते वाचून दाखवायला लागतो, मोठ्यानं, आणि रांगेतले मागचे दोघे पिशव्या सोडून पुढं येतात.